एक गिअर, काळी सायकल आणि अष्टागर : रमतगमत हिंडणाऱ्यांसाठी धागा

दांडीवाला

अष्टागरात, म्हणजे अलिबागच्या किनारपट्टीवर, मांडव्याहून रेवदंड्यापर्यंत जुन्या काळ्या सायकलींवरून आरामात कसं जायचं, हे इतक्यांनी विचारलंय की एकदा इथे लिहून मोकळा होतो. ज्यांना सरासरी वेग आणि हृदयाचे ठोके यांत रस आहे त्यांच्यासाठी संस्थळावर वेगळे, चांगले धागे आहेत.

आमच्या सायकली म्हणजे अठ्ठावीस इंची चाकं, दांडीची फ्रेम, सळीचे ब्रेक, चेनकव्हर, मागे लोखंडी कॅरिअर आणि डबल स्टँड. कोणाची अ‍ॅटलस, कोणाची हर्क्युलस, एकाकडे आजोबांची रॅले. वजन वीस किलोच्या आसपास. गिअर एकच. सायकल अशी असली की मार्ग तिला विचारून ठरवावा लागतो, आणि मला वाटतं सगळी गंमत तिथेच आहे.

हिशेब सोपा आहे. पुढच्या चक्राला ४४ दात, मागच्या फ्रीव्हीलला १८. पायडल एकदा पूर्ण फिरलं की चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं आणि सायकल साधारण साडेपाच मीटर पुढे सरकते. गप्पा मारत मिनिटाला पंचेचाळीसदा पाय फिरवले तर ताशी पंधरा किलोमीटरच्या आतबाहेर. त्याहून घाई केली की पाय नुसते भिरभिरतात, आणि चढ लागला की तेच साडेपाच मीटर जड होतात. म्हणून गटातला पंचविशीतला पोरगा आणि साठीच्या काकू यांच्या वेगात फार फरक पडतच नाही. गिअरवाल्यांच्या गटात पहिल्या तासात पुढचे आणि मागचे असे दोन तट होतात, मग मागचे दिवसभर पुढच्यांना गाठत राहतात. आमच्यात हे होत नाही. कोणी मोठ्या मनाचा आहे म्हणून नाही, सायकलच पुढे जाऊ देत नाही.

आता मार्ग. मुंबईकरांनी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो बोट घ्यावी. ही २०२० च्या मार्चमध्ये सुरू झाली आणि आमच्यासारख्यांचं भाग्य उजळलं. सायकल खाली गाड्यांच्या मजल्यावर लावायची, तासाभरात पलीकडे. गेटवेच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात, आणि एरवीही त्यांवर सायकल चढवणं खलाशाच्या मर्जीवर. पेण-वडखळ रस्त्याने सायकल चालवत यायचा विचारही करू नका. अवजड वाहतूक आहे, आणि वर कार्लेखिंडीचा चढ.

मांडव्याहून सरळ अलिबागचा रस्ता न धरता सासवण्याकडे वळा. नानासाहेब करमरकरांचं शिल्पालय तिथे आहे. पुण्यातला १९२८ सालचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा घडवणारे हेच. घर त्यांचंच, अंगणातही शिल्पं मांडलेली. इथे लोक ‘दहा मिनिटं’ म्हणून उतरतात आणि तासाने निघतात, तेव्हा वेळ आधीच धरून ठेवा. मग आवास, झिराड, चोंढी. चोंढीला मुख्य रस्ता सोडून किहीम, नवगाव, थळ, वरसोली करत अलिबाग. नवगावला बेने इस्रायलींचं जुनं दफनस्थान आणि स्मारकस्तंभ आहे. जहाज फुटून आपले पूर्वज इथे किनाऱ्याला लागले अशी त्यांची परंपरा सांगते. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावं त्यांना शनवारतेली म्हणत. थळच्या किनाऱ्यावरून खांदेरी-उंदेरी हे बेटांवरचे किल्ले समोर दिसतात. अशी वाकडी वाट करून पंचवीसेक किलोमीटर होतात, पहिल्या दिवसाला पुरे.

दुसऱ्या दिवशी अलिबाग ते रेवदंडा, सतरा-अठरा किलोमीटर, जवळजवळ सपाट. आक्षी, नागाव, चौल. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यामुळे डोक्यावर सावली. आक्षीला रस्त्याच्या कडेचा शिलालेख चुकवू नका. शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत तो धरला जातो. गाडीने जाणाऱ्यांना तो दिसतसुद्धा नाही, आम्ही मात्र त्याच्या शेजारी सायकली लावून चिक्की खातो. चौलला रामेश्वराचं देऊळ, पुढे रेवदंड्याच्या पोर्तुगीज कोटात सातखणी मनोरा. तटबंदीच्या आतच वाड्या आहेत आणि रस्ताही कोटातूनच जातो.

प्रश्न विचारा, जमेल तसं सांगतो.

कॅरिअरवाली

वाचनखूण साठवली. दांडीवाला, तुम्ही लिहिलं नाहीत म्हणून मीच लिहिते: बायकांनी या वाटेवर दांडीची सायकल घ्यायलाच हवी असं नाही. बिनदांडीची लेडीज सायकल त्याच चाकांची, त्याच गिअरची मिळते, आणि दर अर्ध्या तासाला चढउतार करायची असेल तर तीच बरी. आमच्यातल्या दोघी सलवार-कमीजमध्ये येतात, एक काकू चक्क नऊवारीत. चेनकव्हर पूर्ण असेल आणि मागच्या चाकाला साडीगार्डची जाळी असेल तर काही अडकत नाही. अर्धं चेनकव्हर असेल तर ओढणी पिशवीत ठेवा.

दुसरं, ज्याबद्दल पुरुषमंडळी कधी लिहीत नाहीत: स्वच्छतागृह. मांडवा जेट्टीवर जाऊन घ्या. मग थेट जेवणाच्या जागी. घरगुती खानावळ आधी फोन करून ठरवली तर हा प्रश्न आपोआप सुटतो. म्हणून आमचा नियम असा की जेवण कुठे, हे आधी ठरतं आणि सायकलीचा मार्ग त्यानंतर.

चौकोनी चाक

धागा छान आहे, पण थोडं खटकलं ते लिहितो. राग नसावा.

वीस किलोचं लोखंड एका गिअरवर ओढण्यात कसलं आलंय सौंदर्य? माझे वडील याच सायकलीवरून रोज गिरणीत जायचे. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी आनंदाने गिअर घेतला असता. ज्यांना पर्याय नव्हता त्यांनी जे सोसलं, ते आपण सुटीच्या दिवशी हौसेने करायचं आणि त्याला ‘पारंपरिक’ म्हणायचं. इटलीत लेरोइका म्हणून जुन्या सायकलींची फेरी १९९७ पासून निघते, तिथे १९८७ च्या आधीचीच सायकल लागते. उद्या इथेही कोणीतरी कॉटर पिन (जुन्या सायकलीत पायडलचा दांडा धरून ठेवणारी खीळ) तपासायला उभा राहील. माझी हायब्रिड आहे, सात गिअर, बारा किलो. चालेल की नाही ते सांगा.

शिवाय सळीचे ब्रेक. पाऊस पडला की त्या क्रोमच्या रिमवर ब्रेकचे रबरी गुटके नुसते घासतात, सायकल थांबत नाही. याला मी तरी हौस म्हणणार नाही.

दांडीवाला

चौकोनी चाक, राग कसला? हायब्रिड चालेल. आमच्यात एक जण तशी घेऊन येतोही. अट एकच: सगळ्यांच्या मागे राहायचं. गिअरवाला पुढे गेला की गट मोडतो, मागे राहिला तर त्याला काहीच त्रास नसतो.

तुमच्या वडिलांबद्दलचं म्हणणं मान्य. गिरणीला वेळेत पोचायचं असतं तर मीही गिअर घेतला असता. आम्हाला कुठेच वेळेत पोचायचं नसतं, एवढाच फरक. ब्रेकचं मात्र शंभर टक्के खरं आहे आणि म्हणूनच आम्ही पावसाळ्यात जात नाही. ओल्या रिमवर थांबायला दुप्पट अंतर लागतं असं धरूनच चालवायचं. कोणी दापोलीकडे, कर्दे-लाडघर, आंजर्ले-केळशी अशा वाटेने न्यायचं म्हणतं तेव्हा मी नको म्हणतो. किनारा देखणा, पण दर खाडीनंतर एक खडा चढ आणि तितकाच खडा उतार. चढावर सायकल ढकलत नेण्यात कमीपणा नाही, उताराला मात्र हे ब्रेक पुरत नाहीत.

छर्रे

अखेर माझ्या आवडीचा विषय निघाला.

बऱ्याच जणांकडे अशी सायकल माळ्यावर किंवा जिन्याखाली पडून असते. तिच्यात हवा भरून थेट मांडव्याला नेऊ नका. आधी ओव्हरहॉलिंग. पुढचं चाक, मागचं चाक, मधला अ‍ॅक्सल आणि हँडलची वाटी, चारही जागचे छर्रे, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्या, काढून रॉकेलमध्ये धुऊन, नवं ग्रीस भरून बसवायचे. छर्रे महाग नसतात, जुने खड्डे पडलेले परत घालू नका. कोन (छर्रे दाबून धरणारा शंकूसारखा नट) जास्त आवळला तर चाक अडखळतं, ढिला ठेवला तर डुलतं. चाक उचलून फिरवलं की व्हॉल्व्हच्या वजनाने ते आपोआप खाली येऊन झोके घेत थांबलं पाहिजे. तसं झालं तर कोन बरोबर.

कॉटर पिन. पायडल मारताना प्रत्येक फेऱ्याला एकदा ‘टक्’ असं जाणवत असेल तर हीच ढिली. नुसता नट आवळू नका, नट पिन बसवत नाही, बसलेली पिन धरून ठेवतो. क्रँकखाली, म्हणजे पायडलच्या दांड्याखाली, लाकडाचा किंवा लोखंडाचा टेका द्या, हातोडीने पिन ठोकून बसवा, मग नट. पंधरावीस किलोमीटर चालवल्यावर पुन्हा एकदा आवळा. टेका न देता ठोकलं तर मार थेट छर्‍यांवर बसतो.

टायर २८ × १½. मोठ्या शहरातल्या नव्या, चकचकीत दुकानांत मागितला तर पोरगं तुमच्याकडे बघत बसतं. तालुक्याच्या बाजारातल्या जुन्या दुकानात तो बहुधा मिळतो, कारण दूधवाले आणि शेतकरी अजून हाच वापरतात. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० मध्ये नेमका ३ जूनला, जागतिक सायकल दिनी, बंद पडला तेव्हा लोकांना वाटलं आता सुटे भाग संपणार. संपले नाहीत. लुधियानाचा माल येतोच आहे.

हवा: पेट्रोल पंपावरची नळी या व्हॉल्व्हला थेट लागत नाही. गटात एक पायपंप हवाच. आणि वॉल ट्यूब! व्हॉल्व्हवरचा तो इवलासा काळा रबरी तुकडा. जुन्या सायकलीत ‘पंक्चर’ म्हणून जे दुकानात नेतात, त्यातल्या पुष्कळ वेळा नुसती वॉल ट्यूब कुजलेली असते. थुंकी लावून पाहा, बुडबुडा आला तर तीच. खिशात वीतभर तुकडा ठेवा.

आणि ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी मागचं १८ दातांचं फ्रीव्हील काढून २० किंवा २२ चं लावावं. चेनला एखादी कडी वाढवावी लागेल. ४४ ला २२ म्हणजे एका फेऱ्याला बरोबर दोन चाकं, साडेचार मीटर. सपाटीवर थोडे जास्त पाय मारावे लागतील, पण खाडीवरच्या पुलांचे चढ बसल्या बसल्या निघतात. याला कोणी बाटगेपणा म्हणत असेल तर म्हणू दे.

उलटा वारा

नेदरलँड्समधून लिहितोय. इथे तुम्ही म्हणता तशी सायकल ही हौस नसून घराघरातली वस्तू आहे. ताठ बसायचं, एक गिअर, पूर्ण चेनकव्हर, आणि कित्येक सायकलींना हातात ब्रेकच नाही. पायडल उलटं दाबलं की मागचं चाक थांबतं. ब्रेक चाकाच्या आत असल्यामुळे पावसाचा त्याच्यावर परिणाम होत नाही. चौकोनी चाक यांची तक्रार इथे निकालात निघाली असती. भारतातून आलेल्या पाहुण्यांना मात्र पहिल्या दिवशी सांभाळावं लागतं, कारण आपल्याला रिकामं पायडल मागे फिरवायची सवय असते.

इथली मला सर्वांत आवडणारी सोय सांगतो. गावाबाहेरच्या सायकलवाटा जिथे जिथे एकमेकींना मिळतात त्या नाक्याला क्रमांक दिलेला असतो. निघताना कागदावर लिहून घ्यायचं: २३, ४१, १७, ६०. प्रत्येक नाक्यावर पुढच्या क्रमांकाचा बाण. नकाशा नको, फोन नको. ही कल्पना मूळची शेजारच्या बेल्जियममधल्या लिंबर्ग प्रांतातली, १९९५ ची. खाणीत काम केलेल्या एका अभियंत्याला ती सुचली, मग इकडे सगळीकडे पसरली. आम्ही काही मराठी कुटुंबं मिळून किंडरडाइकच्या १९ पवनचक्क्या अशाच आकड्यांवरून बघून आलो, डब्यात ठेपले आणि शेंगदाण्याची चटणी. इथे दोघांनी शेजारी शेजारी चालवायला कायद्याने मुभा आहे, त्यामुळे गप्पा अखंड.

सपाट देशात चढ नसतो, त्याची भरपाई वारा करतो. इथल्या झीलंड प्रांतात समुद्रावरच्या वादळरोधक बंधाऱ्यावर उलट्या वाऱ्यात सायकल चालवायची राष्ट्रीय स्पर्धा होते. वादळ येणार असं कळलं की थोडेच दिवस आधी जाहीर करतात. साडेआठ किलोमीटर, सगळ्यांना सारखीच एकगिअरी, ताठ बसायची सायकल. माझं सदस्यनाम तिथूनच आलंय. भाग घेतलेला नाही, किनाऱ्यावर राहणाऱ्याला रोजच फुकट स्पर्धा असते.

अष्टागरातही असे आकडे लावता येतील का? खर्च काहीच नाही, रंगाचा एक डबा.

वाडीतला

नागावचा आहे. धागा वाचून बरं वाटलं आणि थोडी धास्तीही. तेव्हा गावच्या बाजूने काही.

उलटा वारा साहेब, आमच्याकडे नाक्यांना आकडे लागायचे नाहीत. वाट विचारलीत तर सांगणारा अर्ध्या रस्त्यापर्यंत सोबत येईल आणि तुमचं आडनाव विचारून घेईल.

शनिवार-रविवारी हा रस्ता तुम्ही वर्णन केलाय तसा राहत नाही. मुंबई-पुण्याच्या गाड्या, वाळूवर चालवायच्या त्या चारचाकी फटफट्या, रस्ता अरुंद, साइडपट्टी नाही. दांडीवाला यांनी वार लिहायला हवा होता. सोमवार ते गुरुवार या. रविवारीच जमणार असेल तर सकाळी सहाला अलिबाग सोडा, नऊच्या आत रेवदंडा गाठा. आणि इथे शेजारी शेजारी चालवू नका, एकामागे एक. मागच्या सायकलीला लाल दिवा हवाच, वाडीच्या सावलीतून काळी सायकल गाडीवाल्याला दिसत नाही. हेल्मेट काळ्या सायकलीला शोभत नाही म्हणणारे भेटतात, त्यांना माझ्याकडे पाठवा.

वाऱ्याचं सांगतो. हिवाळ्यात पहाटे वारा जमिनीकडून असतो, मतलई. दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा सुटतो. मांडव्याहून दक्षिणेला येताना तो पाठीशी, परत जाताना तोंडावर. एका गिअरच्या सायकलीने दुपारी तीनला रेवदंड्याहून अलिबागला निघणारे आमच्या फाटकाशी थांबून पाणी मागतात. देतो. पण सकाळी निघा.

अलिबागसमोर समुद्रात असलेल्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर भरतीचा हिशेब लागतो. आमच्याकडे तिथीची पाऊणपट करतात. तृतीया असेल तर तीनचे पाऊणपट सव्वादोन, म्हणजे सव्वादोनच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि त्याआधी सहा तास, सकाळी आठ-सव्वाआठला, ओहोटी. दुसऱ्या दिवशी साधारण पाऊण तास पुढे. अष्टमीला दुपारी बाराला ओहोटी येते खरी, पण ती भांगाची, पाणी पूर्ण हटत नाही. पुनवेनंतर किंवा अवसेनंतर दोन-चार दिवसांत आलात तर सकाळी कोरड्या पायाने जाल. सायकल किनाऱ्यावरच ठेवा.

वाळूवर सायकल चालवायचा मोह होतो, ओल्या घट्ट वाळूवर चालतेही छान. पण खारं पाणी चेनमध्ये आणि छर्‍यांत गेलं की महिनाभरात गंज. छर्रे सांगतीलच.

वाड्यांत शिरताना विचारून शिरा. फाटक उघडं असतं म्हणजे आमंत्रण असतं असं नाही. पाटाचं पाणी सोडलेलं असतं, वरून नारळ पडतो. आणि पांढऱ्या कांद्याच्या माळा घेणार असाल तर रस्त्यावर ढिगाने लावलेल्या सगळ्याच अलिबागच्या असतात असं नाही. भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तर बाहेरचाच कांदा इथे जास्त दिसतो. शेतकऱ्याच्या ओटीवरून घ्या.

छर्रे

सांगतो. वाळूवर चालवलीत तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा, पुसा, चेनला तेल. पाण्याचा जोराचा फवारा मात्र चाकांच्या मध्यावर मारू नका, ग्रीस निघून जातं आणि वाळू आत जाते.

मांडवीकार

पणजीहून. अष्टागराला तोड नाही, पण काळ्या सायकलीला गोव्यातलं दिवाड बेटही तितकंच मानवतं. जुन्या गोव्याच्या व्हाइसरॉय कमानीतून खाली उतरलं की धक्का. फेरीबोटीने मांडवी ओलांडली की दिवाड. बेटावर पूल नाही, त्यामुळे बेटावरून पुढे कुठे जायला निघालेली वाहतूकच नाही. दोन्ही बाजूंना खाजन शेती, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतं, बांधावरून रस्ता, मध्ये पाणी आतबाहेर सोडणारी मानशीची दारं. चढ म्हणाल तर एकच, पिएदादच्या चर्चची टेकडी. तिथे सायकल ढकलत न्यावी, वर गेल्यावर नदी आणि पलीकडचं जुनं गोवं एका नजरेत. बेटाच्या दुसऱ्या टोकाहून नार्व्याला फेरी आहे. सप्तकोटेश्वराचं देऊळ मूळचं दिवाडवर, पोर्तुगिजांनी पाडल्यावर देव नार्व्याला नेला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथलं देऊळ बांधून घेतलं. शेजारच्या चोडणला रायबंदरहून फेरी, तिथे खारफुटीत सलीम अली पक्षी अभयारण्य.

चौकोनी चाक यांना एक सांगावंसं वाटतं. आमच्याकडे पोदेर, म्हणजे पाववाला, अजून सकाळ-संध्याकाळ सायकलवरूनच येतो. कॅरिअरवर मोठी टोपली, तिच्यात पोय आणि उंडे हे पाव, आणि हँडलला रबरी भोंपू, पों-पों. त्याला तुमची बारा किलोची हायब्रिड दिली तर टोपली ठेवायची कुठे? ती सायकल काही ठिकाणी अजून निवृत्त झालेली नाही, कामावर आहे.

चौकोनी चाक

मांडवीकार, हे पटलं. पोदेराच्या सायकलीबद्दल मला काहीच म्हणायचं नाही, ती त्याचं हत्यार आहे. माझा आक्षेप आपल्यासारख्यांच्या हौसेला होता आणि तो थोडासा अजून आहे. ‘जुनं ते सोनं’ म्हणत रस्त्यावरची बाकी सायकल दुर्लक्षित राहते. पुण्याला एके काळी सायकलींचं शहर म्हणायचे. बिल्ला नसला, रात्री दिवा नसला, डबलसीट दिसली की पोलीस अडवायचे, इतक्या सायकली होत्या. आज कर्वेनगरला जुन्या सायकलींचं सुंदर खासगी संग्रहालय आहे, आणि बाहेरच्या रस्त्यावर पोराला सायकलवर शाळेत पाठवायची हिंमत होत नाही.

पण सगळ्यांच्या मागे राहायची अट मंजूर. डिसेंबरात कधी जाणार आहात?

कॅरिअरवाली

चौकोनी चाक, शाळेच्या पोरांचं अगदी खरं. आमच्या गटातल्या एका मुलीने याच अष्टागरच्या वाटेवर सायकल पहिल्यांदा ‘रस्त्यावर’ चालवली. तोपर्यंत सोसायटीच्या आवारातच गोल गोल. हळू जाणाऱ्या दहा मोठ्या माणसांच्या मध्ये तिला घातली की मागचा गाडीवालाही निमूट थांबतो. एकट्या मुलासाठी कोणी थांबत नाही. गटाचा मला दिसलेला खरा उपयोग हा.

दांडीवाला

वाडीतला, वार लिहायला हवा होता हे बरोबर. आम्ही निवृत्त आणि सुटीवरचेच जास्त, त्यामुळे मधले वार गृहीत धरले होते. मूळ लेखात ते टाकायची विनंती संपादकांना केली आहे.

अलिबागमध्ये ज्यांना वेळ उरेल त्यांच्यासाठी आणखी एक. तिथली चुंबकीय वेधशाळा १९०४ पासून आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर तिथल्या कुलाबा वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडतील म्हणून काम इकडे हलवलं, आणि इमारतीत लोखंड टाळलं. तेव्हा वीस किलोच्या डझनभर सायकली घेऊन तिच्या दारात घोळका करू नका. आम्ही रस्त्याच्या पलीकडूनच नमस्कार करतो.

रेवदंड्यात शाळेच्या आवारात अफनासी निकितिनचं स्मारक आहे, पंधराव्या शतकात चौलला उतरलेला रशियन व्यापारी. पुढे साळावचा पूल ओलांडून कोर्लईला जायचं का, यावर दर वेळी मतदान होतं. पुलावर वारा भयंकर आणि पुढे रस्त्याला चढउतार. पण कोर्लई गावातली जुनी मंडळी अजून पोर्तुगीज वळणाची त्यांची स्वतःची बोली बोलतात, ती कानावर पडावी म्हणून मी नेहमी ‘जायचं’ म्हणतो आणि बहुधा हरतो.

चौकोनी चाक, डिसेंबरचा दुसरा पंधरवडा, मधल्या वारी. तिथी बघून दिवस ठरवू, कुलाबा किल्ला जमलाच पाहिजे. तुमच्या हायब्रिडला कॅरिअर आहे का? नसेल तर तुमचं सामान आमच्याकडे द्या, आणि बदल्यात पायपंप तुम्ही धरा.

छर्रे

येणाऱ्यांनी आठवडाभर आधी सायकली माझ्याकडे आणून दाखवा. कोन, कॉटर, गुटके एवढं बघून देतो. डायनामो असेल तर सहा व्होल्टचा बल्ब जवळ ठेवा, हल्ली तो शोधावा लागतो.

उलटा वारा

डिसेंबरात तीन आठवडे भारतात आहे. मला कोणी दांडीची सायकल उसनी देईल का? उंची सहा फूट. ब्रेक हाताने लावायचा हे घोकून येईन.

वाडीतला

सहा फुटाला आमच्या काकांची चोवीस इंची फ्रेमची हर्क्युलस आहे, तीच बसेल. सीटची स्प्रिंग एका बाजूची मोडलीय, छर्रे बघतील.

डिसेंबरअखेर येताय म्हणजे वालाच्या शेंगा भरलेल्या असतील. संध्याकाळी पोपटी लावू, म्हणजे मडक्यात शेंगा भाजायचा बेत. मडकं आणि भांबुर्डीचा पाला माझ्याकडे, शेंगाही वाडीतल्याच. अंडी तुम्ही येताना नागावच्या नाक्यावर घ्या, पण कॅरिअरवर बांधून आणू नका. शाकाहारी किती ते आधी कळवा, त्यांचं मडकं वेगळं लावतो.

कॅरिअरवाली

शाकाहारी आम्ही चौघी. अंडी हायब्रिडवाल्याकडे द्या, त्यांची सायकल सर्वांत मागे आणि सर्वांत सावकाश असणार आहे.